पेप्टाइड म्हणजे 'सौम्य' ग्रोथ हार्मोन? मला तरी पटत नाही

आडवातिडवा (धागाकर्ता)

पन्नाशी जवळ आली, पोट सुटलं, झोप उडाली, की सल्ल्यांना तोटा नसतो. सध्याचा सल्ला असा: ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं नकोत, त्याऐवजी पेप्टाइड घे, ती 'नैसर्गिक' असतात.

आधी या शब्दाचंच बघू. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ग्रोथ हार्मोन हीसुद्धा १९१ अमिनो आम्लांची साखळीच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस ४४ अमिनो आम्लांचा एक निरोप पिट्युटरी ग्रंथीला धाडतो आणि मग ती ग्रंथी ग्रोथ हार्मोन सोडते. सर्मोरेलिन नावाचं पेप्टाइड म्हणजे त्याच निरोपातली पहिली २९. टोचायचं तेही सुईनेच. शेवटी रक्तात वाढणार ते ग्रोथ हार्मोन, आणि त्याच्या हुकमावरून यकृतातून सुटणारं आयजीएफ-१ हे दुसरं हार्मोन. पाणी तेच, फक्त मागच्या दाराने आलं. मग धोका कमी झाला तो कुठे?

लोखंडी

कुठे ते सांगतो. शरीर ग्रोथ हार्मोन नळासारखं सतत सोडत नाही, लाटांनी सोडतं, आणि सगळ्यात मोठी लाट गाढ झोप लागल्यावर येते. बाहेरून हार्मोन टोचलं की ही रचना बाजूला पडते. जेवढं टोचाल तेवढं अंगात, शरीराला विचारतो कोण! पेप्टाइडने ग्रंथीला फक्त डिवचलं जातं. आयजीएफ-१ वाढलं की सोमॅटोस्टॅटिन हे ग्रोथ हार्मोनला रोखणारं हार्मोन आपलं काम करतं आणि ग्रंथी हात आखडते. ब्रेक शाबूत राहतो. हा फरक तुम्हाला क्षुल्लक वाटतो?

उगाचच

ब्रेकच्या मुद्द्याला +१. पण लोखंडीभाऊ, मागे तुम्हीच सीजेसी-१२९५ या पेप्टाइडची तारीफ करत होतात. त्याचा टिकाऊ प्रकार रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि त्याचं अर्धायुष्यच, म्हणजे रक्तातलं निम्मं औषध जायला लागणारा वेळच, जवळपास आठवड्याचा. आठवडाभर डिवचत राहायचं आणि वर लाटांचं कौतुक?

लोखंडी

त्यावर २००६ मध्ये अभ्यास झालाय. लाटा थांबत नाहीत.

उगाचच

थांबत नाहीत, पण दोन लाटांमधली तळाची पातळी कित्येक पटींनी वर येते, हेही त्याच अभ्यासात आहे. अर्धंच वाचलंत.

पांढरा_एप्रन

हाच माझा विषय आहे म्हणून जरा लांबण लावतो. इथे दोन वेगळ्या माणसांची खिचडी झाली आहे.

पहिला माणूस खरोखर आजारी. गाठीची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन यामुळे त्याची पिट्युटरीच निकामी झालेली. त्याला पेप्टाइड देणं म्हणजे रिकाम्या घराची कडी वाजवणं. त्याला हार्मोनच लागतं, आणि आता आठवड्यातून एकदा घ्यायचे प्रकारही निघाले आहेत. उलट बिघाड हायपोथॅलॅमसमध्ये असेल आणि ग्रंथी जिवंत असेल, तर पेप्टाइडला अर्थ आहे. सर्मोरेलिनला १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली ती वाढ खुंटलेल्या मुलांसाठी. पुढे कंपनीने ते बंद केलं, पण असुरक्षित ठरलं म्हणून नव्हे. लोखंडींच्या बाजूने एवढं मी मान्य करतो.

दुसरा माणूस निरोगी, फक्त वय झालेला. त्याच्यासाठी पुरावा कुठे आहे? टेसामोरेलिन या अशाच पेप्टाइडला २०१० मध्ये मान्यता मिळाली, पण ती एचआयव्हीच्या रुग्णांमध्ये पोटाच्या आत साचणाऱ्या चरबीसाठी. चरबी उतरते, औषध थांबवलं की परत येते. दुसरं उदाहरण एमके-६७७ चं. ती ग्रोथ हार्मोन वाढवणारी, तोंडाने घ्यायची गोळी, म्हणजे खरं तर पेप्टाइडच नव्हे, तरी विकणारे त्याच पंगतीत बसवतात. ६५ निरोगी वृद्धांवर २ वर्षं चाचणी झाली. चरबीविरहित वजन किलोभर वाढलं, ताकद वाढली नाही, उपाशीपोटीची साखर मात्र वर गेली. सीजेसी आणि इपामोरेलिन या पेप्टाइडांच्या लाडक्या जोडीची अशी दीर्घ चाचणीसुद्धा नाही.

या सगळ्या वेडाचं मूळ १९९० च्या एका छोट्या अभ्यासात आहे. डॅनियल रडमन या अमेरिकन डॉक्टरांनी साठीपुढच्या १२ पुरुषांना ६ महिने ग्रोथ हार्मोन दिलं. चरबीविरहित वजन वाढलं, चरबी घटली. ते तरुण झाले असं रडमन म्हणाले नाहीत, ते जाहिरातवाले म्हणाले.

गुडघेदुखी

मी घेतलंय, म्हणून बोलतो. सीजेसी आणि इपामोरेलिन, चार महिने. झोप झकास झाली, खोटं कशाला बोलू. पण त्याच महिन्यात माझी रात्रपाळीही सुटली होती, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं हे मलाच कळत नाही. तिसऱ्या महिन्यात सकाळी बोटं बधिर व्हायला लागली, अंगठी निघेना. ज्यांनी दिलं त्यांना विचारलं तर म्हणाले, 'काम करतंय याची खूण आहे.' नंतर कुपीवरचा बारीक मजकूर वाचला: केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही. मग बंद केलं.

पांढरा_एप्रन

खूण होतीच, पण ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याची. शरीरात पाणी साठतं आणि मनगटातली नस दाबली जाते. ब्रेक शाबूत असूनही हे होऊ शकतं, लोखंडी.

लोखंडी

एका माणसाच्या अंगठीवरून निकाल लावायचा असेल तर बोलणंच खुंटलं. आणि मान्यतेचं एवढं कौतुक नको. १९८५ पर्यंत ग्रोथ हार्मोन मृतदेहांच्या पिट्युटरीतून काढायचे. डॉक्टरांनीच मुलांना दिलं, आणि त्यातल्या काहींना वर्षांनंतर क्रॉयट्झफेल्ट-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाला. तेही मान्यताप्राप्तच होतं.

पांढरा_एप्रन

हे तुम्ही माझ्याच बाजूने बोललात. तेव्हा कुपीत हार्मोनसोबत आणखी काय जातंय हे कोणाला माहीत नव्हतं. गुडघेदुखींच्या कुपीत काय होतं, हे आज कोणाला माहीत आहे?

आडवातिडवा (धागाकर्ता)

आणखी एक. लॅरॉन सिंड्रोममध्ये ग्रोथ हार्मोन असतं, पण शरीर ते ऐकतच नाही, त्यामुळे आयजीएफ-१ अगदी कमी. इक्वेडोरमधल्या अशा लोकांमध्ये कर्करोग आणि मधुमेह जवळजवळ आढळले नाहीत. मग आयुष्य वाढावं म्हणून हेच वाढवायचं?

लोखंडी

त्यांची उंचीही सांगा ना, चार फुटांच्या आसपास. जन्मजात दोष आणि उतारवयातली घट एका तागडीत तोलू नका. मला १२० वर्षं जगायचं नाहीये, जी आहेत त्यात पायऱ्या चढता आल्या म्हणजे झालं.

उगाचच

हे मात्र पटलं. फक्त स्पर्धेत उतरत असाल तर जपून, खेळाडूंच्या बंदी यादीत ग्रोथ हार्मोनही आहे आणि ही पेप्टाइडंही.

लोखंडी

स्पर्धा संपल्या केव्हाच. बरं एप्रनसाहेब, आयजीएफ-१ ची तपासणी करतो आणि आकडा इथे टाकतो. कमी निघाला तर मानाल?

पांढरा_एप्रन

तेवढ्याने नाही. वयाप्रमाणे आयजीएफ-१ उतरतंच. ग्रंथीची खरी परीक्षा औषध देऊन, तिला डिवचून घ्यावी लागते. त्याआधी पोटाचा घेर मोजा. लठ्ठपणात ग्रोथ हार्मोन दबलेलंच असतं आणि वजन उतरलं की आपसूक वर येतं, सुईशिवाय.

लोखंडी

मोजला. पुढच्या आठवड्यात बोलू.