बाबांना एका कानाला मशीन पुरेल का दोन्ही कानांना घ्यावं?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. वडील 72 वर्षांचे, सांगली मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायचे, आता घरीच असतात. चार-पाच वर्षं ऐकू कमी येतंय, टीव्ही एवढा मोठा की खालच्या मजल्यावरच्या काकूंना मालिका फुकटात. शेवटी मिरजेला नेऊन ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढला, उजवा 55 डेसिबल डावा 60, आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. तिथल्या मॅडमनी दोन्ही कानांना मशीन सांगितलंय, एकाचे 32 हजार, जोडी घेतली तर 60. बाबा म्हणतायत एक बास की, मला काय आता सौदे काढायचेत का. आणि मलाही वाटतंय की विकणारा माणूस दोनच सांगणार ना. आधी एक घेऊन जमलं तर सहा महिन्यांनी दुसरं, असं करावं का? घरात कुणी रोज वापरत असेल तर सांगा.

हळदवाला
मी स्वतः वापरतो, वय 64, यार्डातच आहे त्यामुळं तुमच्या वडिलांना तोंडओळखीनं ओळखत पण असेन. मी तुम्ही म्हणताय तेच केलं होतं, आधी फक्त उजव्या कानाला घेतलं. घरी झकास. पण यार्डात कुणी हाक मारली की आवाज यायचा पण कुठनं आला ते कळायचं नाही, मी आपला गोल फिरून बघतोय आणि हमाल पोरं हसतायत. सौद्याला दहा जणं एकदम बोलतात तिथं तर सगळा कालवा, कुणी किती भाव बोलला ते शेजारच्याला विचारायचो. लग्नात पंगतीला बसताना आधी जागा हेरायची, सगळी माणसं उजवीकडं येतील अशी. डावीकडनं मोटारसायकल आली तर अंगावर आल्यावरच कळायची, एकदा कॉलेज कॉर्नरला थोडक्यात वाचलो तेव्हा बायकोनं दुसरं घ्यायला लावलं.

पण एक सांगतो, दीड वर्षानी दुसरं घातलं तेव्हा डाव्या कानात माणसं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटायची. तीन महिने गेले सवय व्हायला. दोन आहेत म्हणून गोंगाटात सगळं लख्ख ऐकू येतं असं पण नाही, डीजेपुढं कुणाचंच काही चालत नाही.

कानगोष्टी
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, साताऱ्यात असते, मशीन विकत नाही त्यामुळे निर्धास्त वाचा. दादा, विकणारा दोन सांगणारच ही शंका रास्त आहे, पण दोन्ही कान जवळपास सारखेच कमी असतील तर न विकणाराही दोनच सांगतो. हळदवाला काका गोल फिरायचे त्याचं कारण असं की आवाज डावीकडून आला तर डाव्या कानाला आधी आणि जरा मोठा पोचतो, फरक एक मिलिसेकंदाहूनही कमी असतो पण मेंदू त्यावरून दिशा काढतो. एका कानाचंच मशीन असेल तर हा हिशेबच चुकतो. शिवाय डोकं मध्ये येतं. स, श, फ असली बारीक पट्टीची अक्षरं पलीकडच्या कानापर्यंत नीट पोचतच नाहीत, म्हणून "आवाज येतोय पण शब्द कळत नाही" ही तक्रार. दोन्ही कानांनी ऐकलं की अगदी हळू आवाज साधारण 3 डेसिबलनं वाढल्यासारखा होतो, म्हणजे प्रत्येक मशीन थोडं कमीवर ठेवता येतं आणि आवाज मोठा ठेवला की मशीन शिट्टी मारतं ती कमी वाजते.

आधी एक मग बघू, यात अडचण ही की ज्या कानाला वर्षानुवर्षं पुरेसा आवाज मिळत नाही त्याची शब्द ओळखण्याची सवय मोडत जाते, आणि ती नंतर पूर्ण परत येईलच असं नाही. काकांचं घागरीचं वर्णन अगदी बरोबर आहे.

एकच घ्यावं असेही पेशंट असतात. एक कान जवळजवळ गेलेला, कान वाहतोय, किंवा एका कानाला आवाज वाढवूनही शब्द फुटकेच ऐकू येतात. काही वयस्कर लोकांत तर खराब कानाचे शब्द चांगल्या कानाच्या आड येतात. म्हणून नुसत्या 55-60 वर जाऊ नका, प्रत्येक कानाची शब्द ओळखायची टेस्ट झालीये का विचारा. आणि मळ आहे का बघून घ्या, हे राहून जातं.

कृष्णाकाठ
जरा उलटं सांगते. आईला (81) दोन घेतली, एक तिच्या अडकित्त्याशेजारी ड्रॉवरमधे पडून आहे. संधिवातानं बोटं वळत नाहीत, लाल खूण उजवा निळी डावा हे रोज सकाळी सांगायचं, आणि बॅटरी 312 नंबरची म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढी. एकदा तिनं सारखं सोलायला नको म्हणून पाकिटातल्या सहाच्या सहा बॅटऱ्यांचे स्टिकर एकदम काढून डबीत ठेवले. त्या हवेवर चालतात ना, स्टिकर निघाला की संपायला सुरुवात, सगळ्या वाया. आता एकच घालते, दिवसभर घरात एका वेळी एकच माणूस बोलतं तिथं तिला पुरतं. सांगायचं काय तर तुमच्या बाबांना हातानं घालता-काढता येतंय का ते आधी बघा आणि शक्यतो चार्जिंगचं घ्या.

विश्रामबागकर
सगळ्यांना थँक्स. कानगोष्टी मॅडम, 60 म्हणजे अपंगत्वाच्या सर्टिफिकेटमधे बसतं का?

कानगोष्टी
नाही बसत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना किमान 60 डेसिबल लागतं, बाबांचा उजवा 55 आहे. त्यात वेळ घालवू नका, ट्रायल मागा. शांत खोलीत बसून नको, जिथं त्रास होतो तिथं न्या.

विश्रामबागकर
अपडेट. शब्दांची टेस्ट झाली, दोन्ही कान ठीकठाक. उजव्या कानातनं मळ निघाला, बाबा म्हणे बघ तुझे 60 हजार वाचले, पण नाही वाचले. आठवडाभर जोडी ट्रायलवर दिली. घरात मी मुद्दाम एक काढून ठेवलं तर म्हणाले काय फरक नाही, एकच घे. मग शनिवारच्या बाजारात घेऊन गेलो, आधी एक. तिथं कोथिंबीरवाली डावीकडनं तीनदा ओरडली, हे समोरच्या कांदेवाल्याला विचारतायत काय म्हणालास. दुसरं घातलं तर सरळ तिच्याकडं वळून भाव करायला लागले. फक्त स्वतःचा आवाज मडक्यातनं आल्यासारखा वाटतोय म्हणे, मॅडमनी कानात जाणारी रबरी टोपी बदलून बारकी छिद्रं असलेली दिली, आता बरं. जोडीच घेतली, चार्जिंगची. सकाळी दोन-तीन तास घालून सुरू केलंय. पावसाळ्यात दमट हवेनं खराब होतात का?

हळदवाला
होतात. रात्री सिलिका जेलच्या डबीत टाकायची, चार्जिंगचं असेल तर चार्जर कसा आहे ते बघून. आणि आंघोळीला जाताना काढायला लावा, मी दोनदा विसरलोय.