‘९९.९ टक्के जंतुरोधक’ कापड: प्रयोगशाळेचा अहवाल खरेदीची अट असावा का?

वॉर्डातली_सिस्टर

आमच्या साठ खाटांच्या रुग्णालयात खाटांमधले पडदे आणि स्टाफचे स्क्रब, म्हणजे ड्युटीवर घालायचे सदरे-पायजमे, बदलायचे आहेत. खरेदी समितीने अट घातली आहे की कापड जंतुरोधक हवं आणि सोबत ९९.९ टक्क्यांचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा. संसर्गनियंत्रण माझ्याकडे आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की ही अट काढावी. समितीत मी एकटी पडले, म्हणून इथे मांडते.

तिन्ही कोटेशनसोबतचे अहवाल मी घरी नेऊन वाचले. तिन्ही आयएसओ २०७४३ नुसार, म्हणजे कापड जीवाणूंवर किती काम करतं हे मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार. कापडाचा ०.४ ग्रॅमचा तुकडा बाटलीत, त्यावर जीवाणूंचं ०.२ मिलिलिटर द्रावण, झाकण बंद, ३७ अंशांवर १८ ते २४ तास. म्हणजे कापड ओलं, उबेत आणि दिवसभर बंद. माझ्या वॉर्डातला पडदा कोरडा असतो. सिस्टर एकाचं ड्रेसिंग उरकते, पडदा सरकवते, आणि दोन मिनिटांत पलीकडच्या खाटेचा नातेवाईक तोच काठ धरून आत डोकावतो. त्या दोन मिनिटांबद्दल अहवालात एक ओळ नाही. मग वाढीव दर कशाचा? त्याच पैशात पडद्यांचा आणखी एक संच घ्या आणि ठरलेल्या दिवशी धुवायला टाका. आज आमचे पडदे डाग दिसला तरच उतरतात.

प्रोसेसवाला_इचलकरंजी

ताई, अट काढलीत तर अहवाल जाईल, पण ‘जंतुरोधक’ हे लेबल जाणार नाही. ते कुणीही छापून चिकटवेल आणि तुमच्याकडे नाही म्हणायला काही उरणार नाही.

आम्ही कापड पॅडिंगमधून, म्हणजे रसायनात बुडवून रोलखाली पिळून, काढतो, तसं जंतुरोधक फिनिश चढवतो आणि स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या मशिनवर, ते पक्कं करतो. स्टेंटर थोडा थंड राहिला, रोलचा दाब एका बाजूला कमी पडला, की मध्ये वेगळं आणि काठाला वेगळं. रंग चुकला तर दिसतो, हे दिसत नाही आणि हातालाही लागत नाही. गेल्या वर्षी आमच्याच एका लॉटचा मधला तुकडा पास झाला आणि काठाचा नापास. अख्खा लॉट परत चालवला, नुकसान सोसलं. तपासणी नसती तर तो माल कुठल्या तरी वॉर्डात लागला असता. प्रामाणिकपणे काम करणाऱ्याला हा अहवालच वाचवतो.

अगर_प्लेट

मी बरीच वर्षं कापडाच्या सूक्ष्मजीव तपासणीत काम करते. सिस्टर, ही चाचणी वॉर्डाची नक्कल करायला बनलेलीच नाही. तो एक तराजू आहे. दोन कापडं एकाच परिस्थितीत ठेवली तर कोणतं जास्त काम करतं, एवढंच तो सांगतो. बाटली दमट आणि उबदार ठेवावी लागते, कारण सोबतच्या साध्या कापडावर जीवाणू नीट वाढले नाहीत तर चाचणीच बाद होते.

पण अहवाल वाचायचा कसा, हे खरेदी करणाऱ्यांना कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या मानकात उपचार केलेल्या कापडाची तुलना साध्या कापडाशी होते. समजा साध्या कापडावर रात्रभरात जीवाणू शंभरपट झाले आणि तुमच्या कापडावर जेवढे सोडले तेवढेच राहिले. सोडलेल्यांपैकी एकही कमी झाला नाही, तरी अहवालात मूल्य येतं २ (दोन शून्यं, म्हणजे शंभरपटीचा फरक), म्हणजेच ‘९९ टक्के’. म्हणून टक्का बघू नका. शून्य तासाचा आकडा आणि चोवीस तासांचा आकडा शेजारी ठेवून वाचा. एएटीसीसी १०० या दुसऱ्या, अमेरिकी पद्धतीत टक्केवारी सुरुवातीच्या संख्येवरून काढता येते, त्यामुळे दोन पद्धतींचे टक्के एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

दुसरं, २४ तासांनी तुकडा लेसिथिन आणि पॉलिसॉर्बेट असलेल्या द्रावणात हलवून जीवाणू काढतात. हे द्रावण फिनिशमधल्या रसायनाला निष्प्रभ करतं. ते जमलं नाही तर जीवाणू वाढवून मोजायच्या प्लेटवर रसायनही उतरतं, तिथे जीवाणूंच्या वसाहती उगवत नाहीत आणि कागदावर निकाल झकास दिसतो. निष्प्रभ केल्याचा पुरावा अहवालात आहे का, हे विचारा.

जीवाणू_डॉक्टर

मी सिस्टरच्या बाजूने. प्रयोगशाळेत पास झालेलं कापड माणसांच्या अंगावर काय करतं, हे तपासून झालं आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जंतुरोधक स्क्रबची चाचणी झाली. स्क्रबवरचे औषधांना न जुमानणारे स्टॅफिलोकॉकस जीवाणू कमी झाले, पण हातांवरच्या जंतूंत फरक पडला नाही. २०१७ मध्ये ड्यूक विद्यापीठाने अतिदक्षता विभागातल्या चाळीस नर्सेसवर साधे आणि दोन प्रकारचे जंतुरोधक स्क्रब वापरून पाहिले. ड्युटी संपल्यावर कपड्यांवरच्या जंतूंत फरक दिसला नाही.

आणि रसायन कायम अंगाजवळ ठेवणं फुकट पडत नाही. चांदीला न जुमानणारा साल्मोनेला १९७५ मध्येच बॉस्टनच्या एका भाजलेल्यांच्या विभागातून नोंदला गेला. ट्रायक्लोसान हे जंतुनाशक रसायन अमेरिकेने २०१६ च्या नियमाने घरगुती हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावलं. बाटलीत सोडतात तो स्टॅफिलोकॉकस प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं जपलेला ठरावीक वाण असतो. माझ्या अतिदक्षता विभागातल्या क्लेबसिएला या जीवाणूशी त्याची गाठ कधी पडलेली नाही.

प्रोसेसवाला_इचलकरंजी

डॉक्टर, तुमचे दोन्ही अभ्यास स्क्रबवरचे आहेत. स्क्रब रोज बदलतो आणि ड्युटीभर नवीन जंतू पडतच राहतात. पडदा महिनोन्महिने लटकतो. २००० सालचा एक अमेरिकी अभ्यास आहे, रुग्णालयातल्या कापडांवर आणि प्लास्टिकवर स्टॅफिलोकॉकस आणि एन्टरोकॉकस हे जीवाणू किती टिकतात याचा. सगळे किमान एक दिवस टिकले, काही तर नव्वद दिवसांहून जास्त. जिथे जंतू महिनाभर बसून राहतो, तिथे एका दिवसात काम करणारं कापड निरुपयोगी कसं?

वॉर्डातली_सिस्टर

दादा, मुद्दा बरोबर आहे आणि मी तो धरला नव्हता. पण पडदा कोरडा असताना काम होतं का? माझा प्रश्न तिथेच अडलाय.

अगर_प्लेट

तुमच्या प्रश्नाच्या जवळ जाणारी पद्धत त्याच मानकात आहे. जीवाणू गाळणीच्या पटलावर घ्यायचे आणि कापडावर त्यांचा ठसा उमटवायचा, वरून द्रावण ओतायचं नाही. माझ्याकडे आलेल्या कामात ती मागणारा विरळाच. सगळ्यांना ओली पद्धत हवी असते, कारण आकडा तिथे चांगला येतो.

जीवाणू_डॉक्टर

मग अटीत तीच लिहा. आणि धुण्याचंही लिहा. ब्रिटनच्या आरोग्यखात्याच्या मार्गदर्शनात रुग्णालयाचे कपडे ७१ अंशांवर किमान ३ मिनिटं किंवा ६५ अंशांवर किमान १० मिनिटं धुवायला सांगितलंय. आपल्या लाँड्रीत पाणी किती तापतं, कुणी मोजलंय?

वॉर्डातली_सिस्टर

मी मोजलंय, शनिवारी. मशिनच्या काट्यावर ७०, ड्रममधल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर ५२.

सर्जिकल गाऊनचा विषय मी यात आणत नाहीये, हेही सांगते. तिथे जंतू मरतो का हा प्रश्नच नाही, तो पार होतो का हा आहे. ओल्या गाऊनसाठी आयएसओ २२६१० सारखी पारगमनाची चाचणी असते आणि ती अट मी काढू देणार नाही. २०२० मध्ये सुरक्षा पोशाखांची कृत्रिम रक्ताने तपासणी कोइम्बतूरच्या सिट्रा या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत व्हायची. त्या कागदाची आम्ही वाट बघायचो, कारण आत आम्ही असायचो. समितीतले दोघं ‘जंतुरोधक’ आणि ‘जंतू आरपार न जाऊ देणारं’ हे एकच समजतात. परवाच्या बैठकीत पहिलं काम तेच.

स्क्रबवरची अट काढा, असंच म्हणणार आहे. पडद्यांसाठी बदललेली अट मांडते: ठशाच्या पद्धतीचा अहवाल, आणि तो आमच्या लाँड्रीतल्या पन्नास धुण्यांनंतरचा. ब्लीचसकट.

प्रोसेसवाला_इचलकरंजी

पन्नास धुणी आणि त्यात क्लोरीन, हे ऐकून निम्मे पुरवठादार गळतील. चांगलंच. पण ताई, साठ खाटांचे पडदे म्हणजे माझ्यासाठी एका लॉटचा कोपरा. एवढ्या कापडासाठी वेगळी चाचणी केली तर तिचा खर्च मीटरमागे तुमच्याच बिलात येणार. जिल्ह्यातली चार-पाच रुग्णालयं मिळून एकच अट, एकच लॉट अशी मागणी आली तर मी पहिला तुकडा माझ्या खर्चाने तपासून देतो.

वॉर्डातली_सिस्टर

दोन ठिकाणच्या मेट्रन माझ्या बॅचच्या आहेत. आज रात्री फोन करते.