मदत हवी आहे : तण माजलेल्या परसात घरच्यांपुरती हिरवळ कशी करू?

नमस्कार मंडळी,

सांगली-मिरज रस्त्याच्या बाजूला आमचं बैठं घर आहे, मागे साधारण हजार चौरस फुटांचं परस. सासऱ्यांच्या काळात तिथे वांगी-मिरच्या असायच्या, आता नुसतं रान माजलंय. मला तिथे हिरवळ करायची आहे. फोटोत दाखवतात तसली नको. लेकीला अनवाणी पळता यावं, संध्याकाळी सतरंजी टाकून बसता यावं, बस्स.

परिस्थिती अशी. माती काळी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. मागच्या भिंतीला बांधकामाचा राडारोडा आणि जुन्या विटा, त्यावर घाणेरी. पूर्वेला मोठा रायवळ आंबा, त्याच्याखाली दिवसभर सावली. बाकी सगळं उघडं ऊन. मोरीचं पाणी परसातच सोडलंय, त्यामुळे तिथलं गाजर गवत बाराही महिने हिरवंगार. सासूबाईंना दमा आहे, ते फुललं की त्यांचं मागचं दार बंद.

पण खरा वैताग लव्हाळ्याचा. उपटला की पात हातात येते, गाठ खालीच. परवा खुरप्याने वीतभर खणून बघितलं तर काळ्या मुळीला एकापुढे एक गाठी निघत गेल्या. नखाने फोडली तर आत पांढरी आणि वास थेट उटण्याचा! मध्ये मध्ये हरळीही पसरली आहे.

सल्ले भरपूर मिळालेत. माळी म्हणतो, आहे त्यावरच सहा इंच लाल माती टाकू आणि मेक्सिकन लॉनचे तयार तुकडे अंथरू, आठवड्यात काम फत्ते. शेजारच्या काकांची उसाची शेती, ते म्हणतात उसातलं लव्हाळ्याचं औषध मारा. नवऱ्याचं मत पेव्हर ब्लॉक. सासूबाईंची एकच अट, वाळवणाला जागा ठेवा मग काय घालायचा तो गोंधळ घाला.

घरात लहान मूल, त्यामुळे औषध मारायला मन धजत नाही. नळाला पाणी दिवसाआड येतं, बोअर आहे पण पाणी मचूळ. आत्ता मार्च संपत आलाय. पावसाळ्याआधी काय उरकू आणि कुठलं गवत लावू?

प्रतिसाद १

ताई, लाल माती अजिबात टाकू नका. लव्हाळा सहा इंच काय, डांबराच्या पातळ थरातूनही डोकं वर काढतो. दोन महिन्यांत तुमच्या महागड्या मेक्सिकनमधून त्याच्या पाती उभ्या दिसतील आणि मग एकेक उपटत बसायची वेळ येईल. रोटाव्हेटर फिरवून माती भुसभुशीत करणंही नको. गाठींची साखळी तुटली की सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्र कोंब फोडते.

तुमच्या हातात एप्रिल-मे आहे, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. आधी मोरीचं पाणी कर्दळीला किंवा केळीला वळवा, निम्मं गाजर गवत तिथेच संपेल. उरलेलं फुलावर यायच्या आत मुळासकट काढा. जमीन ओली करून, हातमोजे आणि तोंडाला रुमाल बांधून. सासूबाईंना त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, त्यामुळे पुढची काही वर्षं नजर ठेवावीच लागेल. राडारोडा आणि विटाही याच वेळी हलवा. आपल्याकडे घोणस अशाच ठिकाणी बसते, काठीने आवाज करून मगच हात घाला.

मग कुदळीने फूटभर खणून ढेकळं तशीच उन्हात उलटी पाडून ठेवा. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत असतात, उघड्या उन्हात सुकल्या की मरतात. वेचता येतील तेवढ्या वेचा. मे अखेरीला एकदा मुद्दाम पाणी द्या, जे उगवेल ते परत खणून काढा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

काकांचं औषध म्हणजे बहुधा हॅलोसल्फ्युरॉन. ते उसात लव्हाळ्यावर चालतं हे खरं, पण मूल मातीत खेळणार असेल तर मी नाही मारणार. कुणी ग्लायफोसेट सुचवलं तर तेही राहू द्या. केंद्राने २०२२ मध्ये त्याच्यावर निर्बंध आणले, ते पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असं ठरलं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक सोडून. सरसकट सगळं मारू नका. जिला तुम्ही तण म्हणताय ती हरळी हीच तुमची हिरवळ! क्रिकेटच्या मैदानांवर जे बर्म्युडा म्हणून लावतात, ते हिचंच निवडलेलं रूप. भरपूर ऊन तिला हवंच असतं, मचूळ पाणीही बऱ्यापैकी सोसते, मे महिन्यात वाळल्यासारखी दिसली तरी पहिल्या पावसात उठते. वर गणपतीत दुर्वा घरच्या.

पाण्याचा हिशोब आधी करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर साडेचारशे लिटरच्या वर जातं. दिवसाआडच्या पाण्यात हे बसतं का बघा. मी तर निम्म्या जागेतच गवत लावीन.

खणताना हरळीच्या लांब मुळ्या वेगळ्या काढून ओल्या पोत्यात ठेवा, त्यांत लव्हाळ्याची गाठ नाही ना हे पाहून. जूनमध्ये दोन पाऊस झाले की बोटभर तुकडे चार-चार इंचांवर टोचा. घरापासून बाहेरच्या बाजूला थोडा उतार हवा, काळ्या मातीत पाणी साचतं. पावसाळा संपेपर्यंत जमीन झाकली जाईल. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्यातून नवं तण येतं. पुढे नियमित कापत राहा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. हातानं ढकलायचं यंत्र एवढ्या जागेला पुरे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! हिशोब नवऱ्याला दाखवला, तो लगेच "निम्म्यात पेव्हर" म्हणून खूश. पेव्हर नाहीच, पण आंब्याखाली शहाबादी फरशी घालायचं ठरतंय. सासूबाई म्हणतात, सावलीत पापड कसे वाळणार? तेव्हा फरशीचा एक पट्टा उन्हातही काढावा लागणार.

आंब्याखाली फरशी घातली तर झाडाला त्रास होईल का? आणि वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये चालतील?

प्रतिसाद २

फरशी सिमेंटमध्ये बसवू नका, वाळूवर ठेवा, सांध्यांतून पाणी मुरू द्या. बुंध्याभोवती चार-पाच फूट मोकळे सोडा आणि मुळांवर खणू नका.

गाठी कंपोस्टमध्ये मुळीच नकोत, खताबरोबर परत परसात येतील. पत्र्यावर पसरून कडकडीत वाळवा. घरात पाण्याचा बंब असेल तर सरळ त्यात घाला.