विषय: वासा संग्रहालय – मुलांच्या सहलीची तयारी

सहल समिती:
नमस्कार मंडळी. सुट्टीत ८ ते १२ वयाच्या मुलांना स्टॉकहोमच्या वासा संग्रहालयात न्यायचं ठरलंय. पहिल्याच सफरीत बुडालेली वासा ही जुनी स्वीडिश युद्धनौका तिथे ठेवलीय. १८ वर्षांपर्यंत तिकीट नाही. पण नुसतं "केवढं मोठं जहाज!" म्हणून परत यायला नको. आधी काय करून घ्यावं?

उत्तर:
ताई, आदल्या दिवशी मुलांच्या हातून एक जहाज बुडवून घ्या. दुधाचा एक लिटरचा खोका आडवा ठेवून वरची बाजू कापा. भिंती फाकू नयेत म्हणून मधोमध चिकटपट्टी ओढा. दोन्ही भिंतींना तळापासून साडेतीन सेंटीमीटरवर भोकं पाडा, ही तोफांची दारं. पन्नास-पन्नास ग्रॅम खड्यांच्या सहा पुरचुंड्या तळाशी ठेवल्या की खोका छान तरंगतो. मग एकेक पुरचुंडी वर पुठ्ठ्याच्या डेकवर चढवायची. साधारण दुसरीला खोका कलतो आणि भोकांतून पाणी आत येतं. गोट्या मात्र नकोत. त्या घरंगळून एका बाजूला जमतात आणि मुलांना वाटतं, गोट्या सरकल्या म्हणून बुडालं.

१० ऑगस्ट १६२८ ला वासाचं हेच झालं. तळाशी सुमारे १२० टन दगड होते, पण वर दोन मजले तोफा. जेमतेम १३०० मीटर गेल्यावर वाऱ्याने जहाज कललं आणि खालच्या उघड्या दारांतून पाणी शिरलं. "मग आणखी दगड का नाही भरले?" हे कुणीतरी विचारणारच. भरले असते तर जहाज आणखी खाली बसून तीच दारं पाण्याजवळ गेली असती.

उत्तर:
काकांच्या प्रयोगाला एक जोड. जहाजावर चार मोजपट्ट्या सापडल्या: दोन १२ इंची स्वीडिश फुटाच्या, दोन ११ इंची आम्स्टरडॅम फुटाच्या. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापा, २९.७ आणि २८.३ सेंटीमीटरच्या. दोन गटांना जमिनीवर "दहा फूट" मोजायला सांगा. १४ सेंटीमीटरचा फरक पडतो! सुतार अशा वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या घेऊन काम करत होते, म्हणून मापांत फरक पडायचा, हे मुलांना लगेच कळतं.

आणि स्वेटर आणायला सांगाच. १९६१ मध्ये समुद्रतळातून वर काढलेल्या या जहाजाच्या लाकडासाठी आत १८ ते २० अंशच तापमान ठेवतात, उजेडही मंद असतो. ओले रेनकोट आत नेऊ देऊ नका. ओलावा वाढला की लाकडातल्या गंधकाचं आम्ल होतं.

सहल समिती:
खोके जमवायला आजपासून सुरुवात. दर तीन मुलांमागे एक, धुऊन वाळवलेला.