शीतगृहापेक्षा आधी वाळवण

शेतमालाची नासाडी कशी थांबवायची या चर्चेत सगळा भर शीतगृहांवर दिसतोय; धान्यासाठी साठवणीच्या पिशव्या फुकट वाटा, अशीही एक सूचना आहे. फळं-भाज्यांना ती हवीतच, पण छोट्या शेतकऱ्याचं धान्य थंडाव्याअभावी नाही, ओल आणि किडीमुळे जातं.

धान्याच्या दाण्यात साधारण 13-14 टक्क्यांहून जास्त ओलावा राहिला की बुरशीला वाव मिळतो. मका-भुईमुगात एकदा अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) झालं की शिजवूनही ते पुरतं जात नाही. ओल ताडायला यंत्रच लागतं असं नाही. कोरड्या काचेच्या बाटलीत दाणे आणि कोरडं मीठ घालून हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर माल अजून ओला आहे. (अंदाजच आहे हा, पण पुष्कळदा तेवढा पुरतो.)

त्यानंतर हवाबंद पिशवी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तिहेरी पिशवी काढली: आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. आतला प्राणवायू किडेच संपवतात आणि मरतात. औषध नको.

या पिशव्या फुकट वाटण्याची सूचना मात्र मला पटत नाही. फुकटच्या मालापुढे गावातला दुकानदार त्या ठेवणार नाही, मग फाटली की दुसरी आणायची कुठून?