सहृदयता हवीच, पण लिथियमची पातळीही हवी

मानसोपचारात व्यावसायिकता म्हणजे काय, या चर्चेतल्या आधीच्या प्रतिसादांत 'रुग्णाचं मनापासून ऐकून घेणं म्हणजेच मानसोपचारातली व्यावसायिकता' असा सूर दिसला. अर्धंच खरं आहे ते.

लिथियमचं, म्हणजे बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचं, उदाहरण घ्या. सुरू करण्याआधी मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम तपासायचं. औषधाची रक्तातली पातळी मोजायला रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी घ्यायचं. सकाळची गोळी घेऊन रुग्ण लॅबमध्ये गेला तर आकडा फुगून येतो आणि चांगला लागू पडलेला डोस विनाकारण कमी होतो. आजार पुन्हा उलटू नये म्हणून दीर्घकाळ देताना पातळी सहसा 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर धरतात. एवढं करूनही जुलाब-उलट्या किंवा अंगदुखीवर परस्पर घेतलेलं आयबुप्रोफेन पातळी चढवू शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, बोलणं जड होणं दिसलं की गोळी थांबवून तातडीने दवाखाना. हे कागदावर लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं दारापर्यंतच टिकतं.

नातेवाइकांचं म्हणणं ऐकायला गोपनीयता आड येत नाही. रुग्णाच्या संमतीशिवाय त्यांना काही सांगायला मात्र ती आड येते. जिवाला धोका असेल तर गरजेपुरतं सांगावंच लागतं.

आणि आत्महत्येबद्दल थेट विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, हा गैरसमज. 'तसलं काही मनात नाही ना?' असा प्रश्न केला की उत्तर 'नाही' असंच येणार! 'जीव द्यावासा वाटतो का? कसा, ठरवलंय का?' असं विचारावं. धोका वाटला तर गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच द्याव्यात.