एकूण ६४ कामगार, १८ जणांचा विभाग बंद: परवानगी, नोटीस, पैसे यांचा क्रम काय?

प्रश्न (लेखा_विभाग):
कारखान्यात एकूण ६४ कामगार आहेत. पॅकिंग विभाग कायमचा बंद होणार, त्यातल्या १८ जणांना कमी करायचं ठरलंय. बाकी दोन विभाग चालू राहतील. व्यवस्थापनाचा विचार असा, की सगळ्यांचे राजीनामे घ्यायचे आणि हिशेब पुढच्या महिन्यात द्यायचा. मसुद्यात शब्द 'ले-ऑफ' असा आहे. सरकारची परवानगी लागते का? ६० दिवसांची नोटीस कोणाला द्यायची? भरपाई आणि ग्रॅच्युइटी दोन्ही द्यायच्या की एकच? आकडेमोडीसाठी एक उदाहरण घेऊ: सेवा ११ वर्षं ७ महिने, सरासरी मासिक वेतन २४,००० रुपये.

कायदा_मदत:
आधी मसुद्यातला शब्द बदला. आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणजे कच्चा माल, वीज, यंत्र अशा कारणाने तात्पुरतं काम न देणं. त्यात नोकरी संपत नाही. माणूस हजेरीपटावर राहतो आणि ५० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात त्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के द्यावे लागतात. तुमचं प्रकरण एकतर कामगार कपातीचं आहे नाहीतर क्लोजरचं, म्हणजे काम कायमचं बंद करण्याचं. टाळेबंदी तर त्याहून वेगळी, ती वादात वापरलेली दबावाची चाल. शब्द चुकला की पुढचा सगळा कागद चुकतो.

परवानगी नको. औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि पूर्वपरवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेली. मात्र ५० च्या वर असल्यामुळे क्लोजरची किमान ६० दिवस आधी, कारणांसकट लेखी नोटीस सरकारला द्यावी लागते. नमुना आणि पत्ता कामगार उपायुक्तांच्या कार्यालयातून घ्या, पोच नक्की ठेवा.

खरी मेख पुढे आहे. संहितेतल्या क्लोजरच्या व्याख्येत 'कामाच्या जागेचा भाग' कायमचा बंद करणं हेही क्लोजरच आहे. पण पॅकिंगचे हेल्पर अधूनमधून दुसऱ्या विभागात राबत असतील, सगळ्यांची श्रेणी आणि हजेरी एकच असेल, तर 'विभाग बंद' हे न्यायाधिकरणापुढे टिकवणं अवघड जातं आणि ती कपातच ठरू शकते. फरक मोठा आहे. कपातीत पैसे आधी देणं ही वैधतेची अट आहे. ती मोडली तर कपातच रद्द, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली हॉस्पिटल मजदूर सभा प्रकरणात सांगितलं. क्लोजरमध्येही पैसे द्यावेच लागतात, पण ती पूर्वअट नाही. म्हणून नाव काहीही द्या, कामावरून काढण्याच्या दिवशी किंवा आधी पूर्ण रक्कम खात्यात गेलेली असू द्या. 'पुढच्या महिन्यात हिशेब' हाच सगळ्यात महागात पडणारा निर्णय.

पगारपत्रक:
रकमेचं बघू. भरपाई आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या आहेत, एकीतून दुसरी वजा होत नाही.

भरपाई: दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन, सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष. ११ वर्षं ७ महिने म्हणजे १२. मासिक पगारवाल्याचा निम्मा महिना १२,००० रुपये, गुणिले १२, म्हणजे १,४४,००० रुपये. इथे महिन्याचे २६ कामाचे दिवस धरून २६ ने भागायचं नाही, सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. सरासरी मागच्या तीन पूर्ण कॅलेंडर महिन्यांची.

ग्रॅच्युइटीत मात्र २६ चाच भाजक: २४,००० × १५ ÷ २६ × १२ = सुमारे १,६६,१५४ रुपये. (उदाहरणात शेवटचं वेतनही तेवढंच धरलंय.) मुदत ३० दिवस, उशीर झाला की व्याज.

त्याशिवाय एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार. चालू पगार दोन कामाच्या दिवसांत, शिल्लक रजेचे पैसेही त्याच वेळी. कपात असेल तर प्रत्येकामागे १५ दिवसांचं शेवटचं वेतन पुनर्कौशल्य निधीत (कपात झालेल्या कामगारांसाठीचा निधी) भरायचं, ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायला हवं. क्लोजरला हा निधी नाही.

वेतन म्हणजे फक्त बेसिक धरून बसू नका. वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते (उदा. घरभाडे भत्ता) एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. जुन्या पगारपत्रकावरून केलेला हिशेब इथे हमखास कमी येतो.

आणि 'तोटा झाला म्हणून तीन महिन्यांचाच पगार' असं कोणी सुचवलं तर मान्य करू नका. तीन महिन्यांची कमाल मर्यादा मालकाच्या ताब्याबाहेरच्या अपरिहार्य कारणासाठी आहे. आर्थिक अडचण, न विकलेला माल, भाडेपट्टा संपणं या गोष्टी त्यात बसत नाहीत, कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

संघटना_काम:
राजीनामे घेऊ नका, ही कळकळीची विनंती. राजीनामा लिहून दिला की भरपाईचा हक्क जातो. शिवाय ज्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आहे त्यांना राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेतला बेरोजगार भत्ता राजीनाम्यावर मिळत नाही, कपात किंवा क्लोजर असेल तर मिळतो: किमान दोन वर्षांचं अंशदान असेल तर पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के. पीएफ पोर्टलवर सेवा संपल्याचं कारणही खरं तेच भरा.

कपात करत असाल तर 'शेवटी आलेला आधी जाणार' हा नियम श्रेणीनुसार लागतो. चालू विभागांतही 'हेल्पर' असतील तर यादी एकत्र होते आणि जाणारे १८ जण कदाचित पॅकिंगचे नसतीलच. सेवाज्येष्ठता यादी फलकावर लावा, जुन्या नियमांत निदान सात दिवस आधी असं होतं. क्रम मोडायचा असेल तर त्याचं कारण लिहून ठेवा. आणि वर्षभरात त्याच कामाला भरती केली तर आधी याच लोकांना विचारावं लागतं.

लेखा_विभाग:
१८ पैकी तिघे ठरावीक मुदतीच्या करारावर आहेत. त्यांचं?

कायदा_मदत:
करार आपल्या तारखेला संपला तर ती कपात नाही. मधेच संपवलात तर वरचे सगळे नियम लागतात, मात्र मागच्या १२ महिन्यांत २४० दिवस भरलेले हवेत. एक वर्ष सेवा झाली असेल तर ग्रॅच्युइटी प्रमाणात द्या, पाच वर्षांची वाट त्यांना नाही. आणि कोणी नोटीस घ्यायला नकार दिला तर थांबू नका: पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, रक्कम त्याच दिवशी खात्यात जमा करा आणि बँकेची नोंद नोटिशीच्या प्रतीला जोडून ठेवा.